झीज भरून येत नाही: घरगुती ब्लीचविषयीच्या तीन समजांचा प्रतिवाद

लांब केस घरच्या घरी ब्लीच करण्याविषयी तीन समज सध्या बळकट आहेत. ब्लीचमुळे केसांची जी हानी होते ती नंतरच्या तेलाने, मास्कने आणि ‘दुरुस्ती’ करणाऱ्या प्रसाधनांनी भरून निघते, हा पहिला समज होय. लिंबू, मध, सोडा अशा घरातल्याच पदार्थांनी केस उजळवले तर हानी होतच नाही, असे दुसरा समज सांगतो; आणि हे काम घरी करूच नये, पार्लरमध्ये केले म्हणजे केस सुरक्षित राहतात, असा तिसऱ्याचा आग्रह असतो. हे समज एकमेकांशी भांडताना दिसत असले तरी त्यांची चूक एकाच जातीची आहे, कारण हानी नेमकी केव्हा आणि कशाने ठरते हा मूळ प्रश्न तिन्ही टाळतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, केसांची झीज किती व्हायची हे मिश्रण केसांना लागण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. काळ्या केसांना किती उजळ करायचे, कोणत्या भागाला हात लावायचा, त्या भागाचे वय किती आणि पूर्वी त्यावर काय काय झाले आहे, आणि शेवटी केस धुण्यासाठी पाणी कोणते व किती मिळणार, या प्रश्नांच्या उत्तरांतच ती सामावलेली असते. धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादेत, यांतला शेवटचा प्रश्न इतर अनेक ठिकाणांपेक्षा अधिक कळीचा ठरतो, आणि नेमकी त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

पहिल्या समजाचे खंडन करण्यापूर्वी केसाची रचना पाहणे आवश्यक आहे. त्वचेतील ज्या सूक्ष्म खळग्यात केस तयार होतो त्यास केशपुटक म्हणतात. तेथील पेशी जिवंत असतात, परंतु त्वचेबाहेर आलेल्या केसात रक्तपुरवठाही नसतो आणि पेशींची वाढही नसते, म्हणून कातडीवरची जखम जशी भरून येते तसा केस कधीही भरून येत नाही. केसाच्या बाहेरच्या बाजूस क्युटिकल, म्हणजे माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक चढलेली पातळ, पारदर्शक आवरणे असतात. त्यांच्या आत कॉर्टेक्स हा केसाचा मुख्य भाग असून त्यात केराटिन या प्रथिनाचे तंतू आणि केसाला रंग देणारे मेलॅनिनचे कण असतात. केराटिनचे तंतू गंधकाच्या दोन अणूंनी बनलेल्या दुव्यांनी एकमेकांशी जखडलेले असतात. या दुव्यांना डायसल्फाइड बंध म्हणतात, आणि केसाचा चिवटपणा, विशेषतः ओला असतानाचा चिवटपणा, मोठ्या प्रमाणात त्यांच्यावर अवलंबून असतो.

ब्लीच पावडरीतील पर्सल्फेट क्षार आणि डेव्हलपरमधील हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की साधारण ९ ते ११ सामूचे, म्हणजे स्पष्टपणे अल्कधर्मी, मिश्रण तयार होते. त्या अल्कधर्मीपणामुळे केस फुगतो, क्युटिकलची आवरणे सैलावतात, पेरॉक्साइड आत शिरते आणि मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण करून त्याचा रंग नाहीसा करते. परंतु मेलॅनिनचे कण केराटिनच्याच गर्दीत बसलेले असल्यामुळे हे ऑक्सिडीकरण रंगकण तेवढे वेचून प्रथिन शाबूत ठेवत नाही. डायसल्फाइड बंधांतील सिस्टिनचे सिस्टेइक आम्लात रूपांतर होते, आणि नेहमीच्या ब्लीचमध्ये या बंधांपैकी १५ ते २५ टक्के, तर तीव्र ब्लीचमध्ये ४५ टक्क्यांपर्यंत बंध नष्ट होतात, असे केशरसायनशास्त्रातील मापन सांगते. त्याच वेळी क्युटिकलच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटलेला आणि केसाला नैसर्गिक तुळतुळीतपणा देणारा स्निग्ध थरही निघून जातो. त्यामुळे पाणी झटकून टाकणारा केस पाणी शोषणारा बनतो, वाळायला वेळ घेतो आणि शेजारच्या केसांशी घासून गुंततो.

या रसायनातच पहिल्या समजाचे उत्तर आहे. सिस्टेइक आम्लाचे पुन्हा सिस्टिन होण्याची वाट कोणत्याही मास्कमध्ये, सीरममध्ये वा तेलात नाही. २०१४ च्या सुमारास बाजारात आलेल्या आणि ‘बंध जोडणारे’ म्हणून खपणाऱ्या प्रसाधनांचा दावाही येथेच अडखळतो, कारण ज्या बंधांतील गंधक मोकळा पण अबाधित राहिला आहे त्यांच्याशी एखादे रसायन जोडले जाऊ शकते असे मान्य केले, तरी ज्यांचे ऑक्सिडीकरण पूर्ण झाले आहे ते बंध त्याच्या आवाक्याबाहेर असतात, आणि ब्लीचने होणारी मुख्य हानी याच दुसऱ्या प्रकारची असते. कंडिशनरचा उपयोग मात्र खरा आहे. ब्लीच झालेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार वाढतो व कंडिशनरमधील धनभारित घटक तेथे चिकटून घर्षण कमी करतात, त्यामुळे विंचरताना केस कमी तुटतात. तथापि पुढची मोडतोड कमी करणे आणि झालेली झीज भरून काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि प्रसाधनांची जाहिरात पहिलीचे काम दाखवून दुसरीचे मोल वसूल करते.

तेलाबाबतही हाच विवेक हवा. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या दोन संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. खोबरेल तेल केस धुण्यापूर्वी वा धुतल्यानंतर लावल्यास निरोगी आणि ब्लीच केलेल्या अशा दोन्ही केसांतून धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी होते, तर सूर्यफूल आणि खनिज तेलांत तो गुण दिसत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ साखळीचा असल्याने तो केसात शिरतो, असे स्पष्टीकरण तेथे दिलेले आहे. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते हे ध्यानात ठेवूनही हा निष्कर्ष रासायनिकदृष्ट्या पटण्याजोगा आहे. परंतु त्यातून सिद्ध होते ते एवढेच की धुताना होणारी पुढची गळती कमी होते. ब्लीचपूर्वी रात्रभर तेल मुरवल्यास पेरॉक्साइडचे काम केस वगळून फक्त रंगापुरते चालते, असे त्यातून निघत नाही. मराठवाड्यातील जुन्या घरांत ज्या करडईच्या तेलाची सवय आहे त्यात सूर्यफुलाप्रमाणेच लिनोलिक आम्लाचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे खोबरेलाचा गुण त्याच्या नावावर परस्पर मांडणेही योग्य नव्हे.

दुसरा समज अधिक धोकादायक आहे, कारण त्यात निरुपयोगी आणि विघातक पदार्थ ‘घरगुती’ या एकाच शब्दाखाली सुरक्षित ठरवले जातात. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ असतो आणि आम्लामुळे क्युटिकल सैल होण्याऐवजी आवळते. लिंबू लावून उन्हात बसल्यावर जो किंचित फरक दिसतो त्यात उन्हाच्या अतिनील किरणांचा वाटा मोठा असतो, आणि तेच किरण केराटिनचीही हानी करतात. मध पाण्यात कालवला की त्यातील विकरामुळे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते हे खरे. परंतु त्याची तीव्रता ६ टक्क्यांच्या डेव्हलपरच्या तुलनेत सुमारे हजारपट कमी असते, म्हणून धाराशिवसारख्या प्रदेशातील दाट काळ्या केसांवर त्याचा परिणाम नजरेत भरणे अशक्यप्राय आहे. धुण्याचा सोडा याउलट तीव्र अल्कधर्मी असल्याने क्युटिकल सैल करतो पण रंग काढत नाही, म्हणजे त्यात हानी आहे आणि लाभ नाही. चुन्याबद्दल तर वाद घालण्याचेच कारण नाही, कारण कातडी कमावणारे कारागीर जनावराच्या कातड्यावरचे केस सोडवण्यासाठीच ते चुन्याच्या निवळीत भिजवत आले आहेत.

याच संदर्भात एक इशारा स्पष्ट शब्दांत द्यावा लागतो. गावोगावी पिण्याच्या पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी वापरली जाणारी टीसीएल पावडर आणि कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी मिळणारे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण यांनाही ब्लीचच म्हणतात, परंतु ती क्लोरीनयुक्त रसायने आहेत. ती केराटिन विरघळवतात, टाळूची त्वचा भाजतात, आणि लिंबू वा व्हिनेगर यांसारख्या आम्लाशी एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सोडतात. चेहऱ्यासाठी मिळणाऱ्या ब्लीच क्रीमची गत निराळी आहे. ते चेहऱ्यावरील विरळ व मऊ लवीच्या हिशेबाने बनवलेले असल्यामुळे पाठीवर रुळणाऱ्या केसांवर त्यापासून ठिगळांसारखा असमान रंग याखेरीज काही हाती लागत नाही. मेहंदीही निरुपद्रवी समजली जाते. शुद्ध मेहंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनशी जोडले जाते आणि ब्लीचनंतर नारिंगी छटेच्या रूपाने चिवटपणे मागे राहते. ‘काळी मेहंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांत मात्र पॅराफेनिलिनडायअमाइन हा कृत्रिम रंगघटक असतो, ज्याच्या वेष्टनावर त्वचेच्या पूर्वचाचणीची सूचना छापणे भारतीय नियमांनुसार बंधनकारक आहे. काही मिश्रणांत धातूंचे क्षारही असतात. त्यांचा पेरॉक्साइडशी संयोग झाल्यास केस तापतात आणि प्रसंगी जागीच तुटतात.

तिसरा समज सर्वांत प्रतिष्ठित असल्यामुळे त्याचा विचार जपून करावा लागतो. पार्लरमध्ये वापरली जाणारी पावडर पर्सल्फेटचीच असते आणि डेव्हलपर पेरॉक्साइडचाच असतो. ३ टक्के म्हणजे १० व्हॉल्यूम, ६ टक्के म्हणजे २०, ९ टक्के म्हणजे ३० आणि १२ टक्के म्हणजे ४० व्हॉल्यूम, हे कोष्टक दोन्ही ठिकाणी एकच आहे, व जागा बदलल्याने सिस्टिनचे ऑक्सिडीकरण थांबत नाही. पार्लरचे खरे बळ अनुभवी हातात, मागची बाजू पाहणाऱ्या डोळ्यांत आणि वेळ राखण्याच्या शिस्तीत आहे. कमरेपर्यंतचे सगळे केस स्वतः एकटीने मुळापासून शेंड्यापर्यंत ब्लीच करू पाहणाऱ्या स्त्रीने ते काम घरी करू नये, एवढ्यापुरते या पक्षाचे म्हणणे ग्राह्य आहे, कारण एवढ्या केसांना मिश्रण लावण्यातच तासभर जातो आणि पहिल्या बटेवर ते शेवटच्या बटेपेक्षा तेवढाच अधिक वेळ राहते. परंतु या मर्यादित सत्यावरून ‘घरी नको’ असा सरसकट निषेध काढणे, आणि त्याला ‘हे आपल्याकडचे नव्हे’ अशी सांस्कृतिक जोड देणे, हे तर्काला धरून नाही.

केसांचा शृंगार या जिल्ह्याला परका कधीच नव्हता. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातील स्त्रीमूर्तींची निगुतीने घडवलेली केशरचना कोणालाही पाहता येते. तेर म्हणजे प्राचीन तगर, जेथील कापड पैठणच्या मालाबरोबर भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे, आणि ज्या रोमन जगाशी हा व्यापार चालत होता त्याच्या कायदेसंहितेतील जकातपात्र मालाच्या यादीत हिंदुस्थानी केसांचाही समावेश आहे. त्याच रोमन जगातील कवी ओव्हिड याने ‘आमोरेस’ या संग्रहातील एक संपूर्ण कविता केस रंगवून रंगवून ते गमावून बसलेल्या प्रेयसीला उद्देशून लिहिली, आणि शेवटी तिला धीर दिला तो नैसर्गिक केस पुन्हा येतील असे सांगून. दोन हजार वर्षांत रसायने बदलली, पण उपाय बदललेला नाही. झिजलेल्या केसाची जागा नवा केसच घेऊ शकतो.

नवा केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने ६० सेंटिमीटर लांबीच्या वेणीचे शेंडे चार ते पाच वर्षांचे असतात, आणि तेवढ्या काळात त्यांनी शेकडो वेळचे न्हाणे, ऊन, विंचरणे आणि दोरीने वा रबरबँडने आवळणे सोसलेले असते. म्हणून एकाच डोक्यावर एकाच वाटीतील मिश्रण मुळाशी आणि शेंड्याशी सारखे वागत नाही. टाळूच्या उष्णतेमुळे मुळाजवळ ते लवकर काम करते, तर जीर्ण शेंड्यांत ते खोलवर शिरून त्यांना लवकर कमकुवत करते. आखूड केस बिघडले तर काही महिन्यांत कापून नवे येतात, लांब केस बिघडले तर ती लांबी परत मिळण्यास वर्षे लागतात. तिन्ही समज लांबीचा विचार केवळ पावडरीचे आणखी एक पाकीट एवढाच करतात, परंतु लांबी म्हणजे वय आहे आणि वय म्हणजे अगोदरच झालेली झीज आहे.

आता पाण्याचा विचार. धाराशिव जिल्हा दख्खनच्या बसाल्ट खडकावर वसलेला आहे आणि पर्जन्यछायेत मोडतो. शहराला उजनी धरणाचे पाणी मिळत असले तरी जिल्ह्यातील असंख्य घरे बोअर, विहीर आणि उन्हाळ्यात टँकर यांवर अवलंबून असतात. बसाल्टातून झिरपलेल्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. ज्या पाण्यात या क्षारांमुळे साबणाचा फेस होत नाही त्यास दुष्फेन पाणी म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास कमाल मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे, यावरून पिण्यास चालणारे पाणीदेखील किती भिन्न प्रकृतीचे असू शकते याची कल्पना येते. ब्लीचने केसात निर्माण झालेले ऋणभारित गट हे क्षार अधिक ओढून घेतात, त्यामुळे असे केस दुष्फेन पाण्याने धुतल्यावर राठ व निस्तेज होतात. पाण्यातून आधीच केसांत साठलेले तांबे तर याहून घातक असते, कारण ते पेरॉक्साइडचे विघटन घडवून हायड्रॉक्सिल हा अत्यंत क्रियाशील मूलक निर्माण करते आणि तो रंगकणांऐवजी प्रथिनांवर तुटून पडतो. परदेशी वेष्टनावरची सूचना अक्षरशः पाळूनही एखाद्या घरी केस अपेक्षेपेक्षा अधिक खराब का होतात, याचे एक कारण येथे सापडते.

यावरून जी पद्धत निष्पन्न होते ती साधी आहे, परंतु तिचा बहुतांश भाग ब्लीचच्या आधीचा आहे. काळे केस उजळताना गडद तपकिरी, तांबूस, नारिंगी, पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा अशा पायऱ्या येतात, कारण काळा-तपकिरी युमेलॅनिन लवकर नष्ट होतो आणि लालसर-पिवळा फिओमेलॅनिन चिवटपणे टिकतो. प्रत्येक पुढची पायरी मागचीपेक्षा महाग पडते. म्हणून लांब काळ्या केसांवर घरी तांबूस-तपकिरी छटेवर थांबणे आणि उरलेला नारिंगीपणा निळसर टोनरने झाकणे, हा हानी कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक निर्णय होय. त्यानंतरचा निर्णय क्षेत्राचा: सगळे केस न घेता वरच्या थराखालच्या किंवा चेहऱ्यालगतच्या मोजक्या बटा घ्याव्यात, फाटे फुटलेले शेंडे आधी कापून टाकावेत, आणि पूर्वी ब्लीच, रिबॉण्डिंग वा काळी मेहंदी झालेला भाग वगळावा. मानेजवळच्या एका बारीक बटेवर संपूर्ण प्रक्रिया करून ती बट ओली असताना हलकेच ताणून पाहावी. ती रबरासारखी लांबली किंवा तुटली, तर तो बेत तेथेच सोडून देणे शहाणपणाचे आहे. डेव्हलपर २० व्हॉल्यूमच्या वर नेऊ नये. तथापि सौम्य डेव्हलपर म्हणजे बेफिकीर वेळ असाही अर्थ नाही, कारण झीज मुख्यतः केस किती उजळला यावर ठरते.

प्रत्यक्ष कामात दुसऱ्या व्यक्तीची मदत घ्यावी, धातूचे भांडे टाळावे, मिश्रण थोडे थोडे ताजे कालवावे आणि झाकण लावलेल्या बाटलीत ठेवू नये, कारण त्यातून वायू सुटत राहतो. न धुतलेल्या कोरड्या केसांच्या मधल्या भागापासून सुरुवात करावी, टाळूपासून एक सेंटिमीटर अंतर राखावे, आणि वेष्टनावरील कमाल वेळ कोणत्याही कारणाने ओलांडू नये. पर्सल्फेटमुळे दम्याचा झटका व अंगावर गांधी येऊ शकतात, म्हणून दमा असलेल्या व्यक्तीने हे काम टाळावे आणि इतरांनीही हातमोजे घालून दारे-खिडक्या उघड्या ठेवूनच ते करावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात उष्णतेमुळे क्रिया वेगावते आणि पाण्याचीही ओढ असते, म्हणून हे काम पावसाळ्यात किंवा त्यानंतर करणे या जिल्ह्यात अधिक सयुक्तिक आहे. काही दिवस आधी ईडीटीए असलेल्या, म्हणजे धातूंचे क्षार पकडून काढणाऱ्या, शाम्पूने एकदा केस धुवावेत, आणि ब्लीचनंतर भरपूर पाण्याने मिश्रण काढून शेवटचे पाणी तरी पावसाचे अथवा शुद्ध केलेल्या जारचे घ्यावे. मेलॅनिन गेलेल्या केसाला उन्हापासूनचे नैसर्गिक संरक्षण उरत नाही, त्यामुळे शेतात वा रस्त्यावर जाताना डोक्यावरून ओढणी किंवा स्कार्फ घेण्याची येथील रीत अशा केसांना कोणत्याही सीरमपेक्षा अधिक उपकारक ठरते.

घरी केस ब्लीच करणे हे पापही नाही आणि निर्धोक हौसही नाही. तो एक असा व्यवहार आहे ज्याची किंमत आधी ठरवता येते, पण दिल्यावर परत मिळत नाही. जे प्रसाधन ती किंमत परत करण्याचे वचन देते ते केसाच्या निर्जीवपणाविषयी मौन पाळते, जो घरगुती उपाय किंमत नसल्याचे सांगतो तो एक तर कुचकामी असतो किंवा घातक, आणि जो उपदेश केवळ जागा बदलायला सांगतो तो रसायनाकडे पाहत नाही. म्हणून पावडरीचे पाकीट फोडण्यापूर्वी लांब केसांच्या प्रत्येक स्त्रीने आपल्या शेंड्यांचे वय, आपल्या हौसेची पायरी आणि आपल्या घरच्या पाण्याची जात यांचा हिशेब मांडावा, आणि त्या हिशेबात परवडेल तेवढ्याच बटांना हात लावावा.